भोकाचं नाणं

शनिवारी सकाळी मी मान्तींच्या, म्हणजे वाफवलेल्या करंज्यांच्या, सारणासाठी भोपळा बारीक चिरत बसले होते. कणीक मळून ओल्या फडक्याखाली झाकलेली, शेगडीवर चहाचं पाणी, आणि नवरा एका पायात मोजा घालून दुसरा शोधत घरभर फिरतोय, तोही अशा चेहऱ्याने की जणू मीच तो मुद्दाम लपवला आहे. एवढ्यात फाटकाची कडी वाजली.

आमच्या मोहल्ल्यात कडी कोणी वाजवत नाही. फाटक उघडंच असतं, येणारा अंगणातूनच हाक देत आत येतो. कडी वाजली म्हणजे एक तर मीटर बघणारा, नाहीतर कुणाचं तरी काहीतरी बिनसलंय.

फाटकात मुअत्तर-खोला उभ्या होत्या. अंगात लग्नाकार्याचा मखमली कोट, डोक्याला इस्त्री केलेला रुमाल आणि पायात अंगणातल्या रबरी चपला.

“केलिन, कॉलेजात शिकलेला तुझा तो इतिहास आज बाहेर काढ,” त्या म्हणाल्या. “माझं भोक गेलं.”

माझा नवरा तसाच एका मोज्यावर मागच्या अंगणात निघून गेला.

मी त्यांना आत घेतलं, चहा ओतला, नान आणि साय पुढे केली. त्यांनी नानला हातही लावला नाही, तेव्हा मामला गंभीर आहे हे कळलं. कारण मुअत्तर-खोला म्हणजे समोर आलेल्या नानचा पहिला तुकडा मोडल्याशिवाय बोलायला सुरुवात न करणारी बाई. कोपऱ्यावरच्या बालवाडीत त्यांनी जन्मभर स्वयंपाक केला. आमच्या गल्लीतल्या प्रत्येकाने, आता टक्कल पडलेल्यांनीसुद्धा, त्यांच्या हातची रव्याची लापशी खाल्ली आहे. म्हणून त्या सगळ्यांच्याच खोला, म्हणजे मावशी. आणि मी लग्न होऊन आले त्याला इतकी वर्षं झाली की माझ्या मुलाला मिसरूड फुटलं, तरी त्यांच्या लेखी अजून केलिनच, नवी सून.

त्यांनी कोटाच्या खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली आणि भोपळ्याच्या फोडी बाजूला सारून मेजावर उघडली. आत बुखाऱ्याचा जुना चांदीचा तंगा. हा तंगा मी किती वेळा पाहिला असेल. त्याच्या कडेशी एक भोक होतं, तेही गोल नाही, एका बाजूला ओघळल्यासारखं लांबट. त्या भोकाने नाण्यावरच्या सालाचा शेवटचा आकडा खाल्ला होता. आता पाहते तर भोक नाही. सपाट, अखंड चांदी. आणि सालाचा शेवटचा आकडाही जागेवर, जणू कधी गेलाच नव्हता.

“कोणी केलं हे?” मी विचारलं.

“इल्दुस-अकांनी,” खोला म्हणाल्या. “आणि बाई गं, किती प्रेमाने केलंय.”

इथे थोडं मागे जायला हवं.

खोलांच्या आजीची वेणी गुडघ्यापर्यंत होती आणि वेणीच्या टोकाला चांदीचे तंगे भोक पाडून दोऱ्यात ओवलेले असत. आजी चालली की ती येतेय हे दोन घरं आधी कळायचं. पुढे वाईट वर्षं आली, एकेक तंगा वेणीतून निघून पिठात गेला. शेवटचा एक उरला तो खोलांच्या आईच्या वेणीत आला आणि मग खोलांच्या. लहानपणी पळताना तो पाठीवर आपटायचा, त्या सांगत, आणि आईला न बघता कळायचं की पोरगी कुठे आहे.

त्या एका तंग्यापायी खोलांना नाद लागला. पण नादही कसला, तर फक्त भोकाच्या नाण्यांचा. कुणाच्या जुन्या बंडीवरून उसवलेली, कुणाच्या पाळण्याला बांधलेली, बाजारात चिंध्यांच्या ढिगात सापडलेली. म्हाताऱ्या बायका मरताना म्हणे सुनांना सांगून ठेवत, हे मुअत्तरला द्या. सगळी नाणी त्यांच्याकडे रव्याच्या डब्यात आहेत. ती कुणीतरी हातात घ्यावीत, उलटीपालटी करावीत आणि विचारावं की ही कुठली, एवढंच त्यांना हवं होतं. मुलं ताश्कंदला, नवरा देवाघरी, आणि मी तरी किती वेळा विचारणार?

आमच्या समरकंदात नाण्यांच्या माणसांची दोन मंडळं आहेत. एक रविवारचा क्लब. तो तुतीच्या झाडांखाली, बुद्धिबळवाल्यांच्या शेजारी भरतो. दुसरं शनिवारचं अभ्यासमंडळ, ते वाचनालयामागच्या खोलीत भरतं. क्लबात सगळे एकाच वेळी बोलतात आणि ऐकत कोणीच नाही. मंडळात एकच माणूस बोलतो आणि बाकीचे ऐकतात, त्यातले दोघं-तिघं डोळे मिटून ऐकतात. क्लबात नाणं चहाच्या ताटलीवर टाकून त्याचा आवाज ऐकतात, मग लंगडा घोडा, जाड्या अमीर अशी नावं ठेवतात. मंडळात नाण्याला कडेने धरायचं, चहा शेजारच्या खोलीत, आणि हात धुतल्याशिवाय आत पाऊल नाही. क्लबातला पहिला प्रश्न, बदल्यात काय घेणार. मंडळातला पहिला प्रश्न, सापडलं कुठे. क्लबवाले मंडळाला कबरस्तान म्हणतात आणि मंडळवाले क्लबाला भाजीबाजार. खरं सांगायचं तर मला दोन्हीकडे मजा येते. घरी मान्ती करून नेल्या तर दोन्हीकडे सारख्याच संपतात.

खोलांची पंचाईत अशी की त्या दोन्हींच्या मधे पडल्या.

क्लबात लांब मेज आहे. मेजाशी खुर्ची मिळते ती ज्याच्याकडे अदलाबदलीला काही आहे त्याला. बाकीच्यांनी चहाची वाटी घेऊन मागे उभं राहायचं. आणि भोकाचं नाणं म्हणजे क्लबाच्या भाषेत चाळणी. चाळणीच्या बदल्यात कोणी काही देत नाही. अध्यक्ष सोदिक-अका, म्हणजे सोदिकदादा, एके काळचे बसतपासनीस, खोलांना लांबून बघूनच म्हणायचे, आल्या बघा चाळणीवाल्या. खोलाही गप्प बसत नसत. चाळणी नसती तर लहानपणी तुझ्या लापशीत किडे आले असते, म्हणायच्या. सगळे हसायचे, खोलांना साखर जास्त घालून चहा मिळायचा, पण खुर्ची नाही.

मंडळात खुर्ची पहिल्याच दिवशी मिळाली, मागच्या रांगेत. तिथे कोणीही बसून ऐकावं. पण नाणं दाखवायला गेल्या तर चिटणिसाने विचारलं, सापडलं कुठे. खोला म्हणाल्या, आजीच्या वेणीत. चिटणीस भला माणूस, त्याने चष्मा वर करून विचार केला आणि लिहिलं, स्थळ अज्ञात. मग समजावून सांगितलं की असे तंगे एका मडक्यात मिळालेले त्यांच्याकडे पुष्कळ आहेत, कोणत्या शेतात, किती खोल, सगळं माहीत असलेले. वेणीचा अभ्यास त्यांना करता येत नाही. मी शेजारी बसून हे मोठ्या शब्दांतलं बोलणं खोलांना सोप्या शब्दांत सांगत होते. त्या कानात म्हणाल्या, म्हणजे जमिनीत पुरलं असतं तर चाललं असतं.

इल्दुस-अका मात्र दोन्हीकडचे. शनिवारी टाय, रविवारी टोपी. ते तातार आहेत, दातांचे तंत्रज्ञ म्हणून निवृत्त झालेले. आमच्या गल्लीत कोणी हसलं की जे सोनं चमकतं ते बहुतेक त्यांच्याच हातचं. रविवारी त्यांची एक वेगळीच ख्याती आहे. नाण्यांची भोकं ते अशी भरतात की नखाला लागत नाही. क्लबात ही कला मानतात. मंडळात हे कुणाला कळलं तर त्यांची टायसुद्धा दारातून आत घेणार नाहीत.

तर या इल्दुस-अकांनी खोलांना मागे उभं बघून बघून मनाशी काहीतरी ठरवलं. जरा घरी नेऊन बघतो म्हणून तंगा मागून घेतला आणि गेल्या रविवारी कापसात गुंडाळून परत आणला, जसा नवा दात आणतात तसा. सोदिक-अकांनी तो ताटलीवर टाकला. नाणं छान वाजलं. मेजावरून हातोहात फिरलं. आणि अध्यक्षांनी स्वतः उठून खुर्ची ओढली, म्हणाले, आता हा तंगा झाला, खोला, बसा.

“मी बसले,” खोला मला सांगत होत्या. “हलवा खाल्ला. दोघांनी विचारलं, कुठला हो हा. मी सांगितलं. तिसऱ्यानेही विचारलं. इतकी वर्षं हेच पाहिजे होतं ना मला? मग घरी आले, दिवा लावला, आणि सवयीने अंगठा कडेला गेला. तिथे काही नाहीच. आठवडाभर अंगठा शोधतोय गं.”

“मग इल्दुस-अकांना सांगा की.”

“तू त्यांचा चेहरा बघितला असतास तर असं म्हणाली नसतीस. पोराने पहिल्यांदा स्वतःच्या हाताने लापशी खाल्ली की जसा चेहरा करतं ना, तसा.”

म्हणून त्यांनी मंडळाची वाट धरायचं ठरवलं होतं. शिकलेली माणसं आहेत, भरलेलं काढता येतं का तेवढं विचारायचं, कुणी भरलं हे सांगायचं नाही. मी कणीक नवऱ्याच्या भरवशावर टाकली, खोलांना माझे बूट घालायला लावले आणि आम्ही निघालो.

मंडळाच्या अध्यक्ष महफुजा-दोमला; दोमला म्हणजे शिक्षक. विद्यापीठात शिकवून निवृत्त झालेल्या, बारीक, ताठ, आवाज कधी न चढवणाऱ्या. त्यांचा नियम असा की नाणं हिरव्या कापडाच्या तबकातून फिरतं आणि तबक परत येईपर्यंत कोणी बोलायचं नाही. खोलांनी तंगा तबकात ठेवला आणि म्हणाल्या, मला एक विचारायचंय. दोमलांनी हसून खूण केली, आधी फिरू दे.

इल्दुस-अका दुसऱ्या रांगेत टाय लावून बसले होते. तबक निघालेलं बघून त्यांनी आपल्या बुटांकडे जे बघायला सुरुवात केली ते शेवटपर्यंत बूटच बघत होते.

तबक चिटणिसाकडे पोचलं. त्याने भिंग लावलं, चष्मा वर केला, खाली केला आणि नियम मोडून बोलला. “या सालाचा शेवटचा आकडा पाच आहे.”

शेजारचा म्हणाला, दाखव. तिसरा म्हणाला, शक्य नाही, त्या साली हे पाडलेच नव्हते. चिटणीस म्हणाला, तेच तर म्हणतोय, या सालचा तंगा मी तरी कुठे पाहिलेला नाही. आणि मग जे झालं ते मी त्या खोलीत कधी पाहिलं नव्हतं. सगळेच उठले. सगळेच बोलायला लागले. यावर निबंध कोणी लिहायचा यावरून दोघांची जुंपली. मागच्या रांगेतला एक, डोळे मिटून ऐकणारा, डोळे उघडून पुढे आला. चिटणिसाने खोलांचा हात धरून त्यांना पहिल्या रांगेत बसवलं आणि विचारलं, आजीची वेणी कुठल्या गावची होती. रविवारचा क्लबच जणू तुतीखालून उठून आत आला होता, फक्त हलवा तेवढा नव्हता.

खोलांनी दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांना कोणी बोलू देईना.

महफुजा-दोमलांनी शांतपणे तबक स्वतःपुढे ओढलं. तंगा दिव्याखाली तिरका धरला, फिरवला, पुन्हा धरला. खोलीतला आवाज आपोआप कमी होत गेला.

“हा आकडा जुना नाही,” त्या म्हणाल्या. “इथे भोक होतं. कुणीतरी भरलं आहे आणि आकडा नंतर कोरला आहे. हात फार सुरेख आहे.” मग त्यांनी विचारलं, “खोला, हे कोणी केलं?”

“एका भल्या माणसाने.”

“नाव?”

“नाव सांगितलं तर तो पुन्हा कुणाचं भलं करायला धजणार नाही.”

कोणी हसलं नाही. दोमलांनी तंगा खाली ठेवला. “आमच्याकडे याला बनावट म्हणतात.”

खोला पहिल्या रांगेतून उठल्या. बालवाडीत आरडाओरडा थांबवायला जशा उभ्या राहत तशाच, दोन्ही हात पोटावर.

“माणूस बनावट करतो ते फसवायला, दोमला. हे मला खूश करायला केलंय. मी खूश झाले नाही, यात त्याचा काय दोष? मी एवढंच विचारायला आले होते की ते काढता येतं का.”

दुसऱ्या रांगेत इल्दुस-अकांनी पहिल्यांदा मान वर केली.

दोमलांचा चेहरा जरा सैल झाला. त्यांनी नीट, सावकाश समजावलं. मंडळाचा सल्ला असा की आता हात लावू नये. पुन्हा कोरलं तर ती नाण्यावर दुसरी जखम होईल. झालं ते झालं, हीसुद्धा आता नाण्याची हकिगत आहे. उलट ते कुणाकडून कुणाकडे आलं, भोक का पाडलं, कधी भरलं, हे सगळं माहीत असलेलं नाणं त्यांनाही सहसा बघायला मिळत नाही. आकडा खोटा आहे एवढं स्पष्ट लिहून ते नोंदीत घेता येईल. आणि खोलांची इच्छा असेल तर मंडळाचं सभासदत्वही. चिटणीस, निबंध गेल्यामुळे पडलेल्या चेहऱ्यानेच, कार्ड शोधायला कपाटाकडे गेला. आधीची ‘स्थळ अज्ञात’ ची नोंद त्याने खोडली की नाही, ते मला दिसलं नाही.

“विचार करून सांगते,” खोला म्हणाल्या आणि तंगा रुमालात बांधून बाहेर आल्या.

बाहेर वाचनालयाच्या पायऱ्यांशी बाकावर बसलो. मी म्हटलं, “खोला, एका आठवड्यात क्लबाने खुर्ची दिली आणि मंडळाने पहिली रांग. आता तुमचा भाव वधारला.”

“माझा कुठे,” त्या म्हणाल्या. “त्या भरलेल्या चांदीचा.” आणि हसल्या. सकाळपासून पहिल्यांदाच.

इल्दुस-अका आले तेव्हा टाय त्यांच्या हातात होती. ते बसले नाहीत, आमच्यासमोर उभेच राहिले.

“नाव का नाही घेतलंत?”

“तुमची शनिवारची खुर्ची जाईल म्हणून.”

“अहो, माझ्या खुर्चीचं काय.” त्यांनी टाय गुंडाळून खिशात कोंबली. “ते आकडे मला वाचता येत नाहीत, खोला. जुनी अरबी लिपी मी शिकलोच नाही. दुसऱ्या नाण्यांवर बघितलं, एक आकडा वाटोळा दिसला. भोकात छान बसला.”

यावर खोला इतक्या हसल्या की रुमालाचं टोक डोळ्यांना लावावं लागलं, आणि इल्दुस-अकांनाही हसू आलं, पण ते लगेच विझलं. मग ते घाईघाईने बोलायला लागले. माझ्याकडे असाच अख्खा तंगा आहे, भोक नाही, काही नाही, तो घ्या. तो नको तर खोकंदचा घ्या, अधिक जड आहे. उद्या क्लबात मीच सगळ्यांना सांगतो, चूक माझी. आणि सोदिकलाही सांगतो, खोलांची खुर्ची हलवायची नाही.

“सांगितलंत तरी हलवतील,” खोला म्हणाल्या. “नियम आहे ना. आणि मला उभं राहायचं काय मोठं? जन्मभर चुलीपुढे उभीच होते.”

“म्हणजे भरलेलं काढायचंच?”

खोलांनी सरकून त्यांना बाकावर जागा केली.

इल्दुस-अका शेवटी बाकाच्या टोकावर टेकले. “काढता येईल. चांदी मऊ आहे, तापवली की सुटेल. पण खरं सांगतो, पूर्वीचं येणार नाही. तुमच्या आजीच्या दोऱ्याने ती कड झिजून लांबट झाली होती ना, ती भरायच्या आधी मी घासून सरळ केली. दातात करतो तशी, भरलेलं नीट बसावं म्हणून. आता भोक पाडलं तर साधं गोल येईल.”

हे खोलांना माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. एक बस आली, माणसं उतरली, बस गेली. मला वाटलं, खोला आता रडतील. पण त्यांनी कोटाच्या खिशातून पुरचुंडी काढली, गाठ सोडली आणि तंगा इल्दुस-अकांच्या तळहातावर ठेवला. कडेने धरून नव्हे, लापशीची वाटी देतात तसा, हाताने हात खालून धरून.

“झिजवेन मी,” त्या म्हणाल्या. “नातीचे केस आता खांद्यापर्यंत आलेत, ती झिजवेल. त्याचं तुम्ही मनाला लावून घेऊ नका. फक्त भोक पाडून द्या, इल्दुस-अका, होतं तिथेच, दोरा जाईल एवढं.”